'ग्रेझिंग इन द ग्रास': ट्रम्पेटच्या एका धुनेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ट्रम्पेट वाजवतो आणि शिकवतो. ही धून मी कुठेही वाजवली की तेच ते प्रश्न येतात: कुणी पत्राने विचारतं, कुणी कार्यक्रम संपल्यावर गाठून. त्यातले नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्यात असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ही धून नक्की कोणती? ऐकली आहे, पण नाव माहीत नाही.

गायीच्या गळ्यातल्या घंटेसारखा टक्-टक् ठेका, त्याखाली पियानो, गिटार आणि बासची डुलती चाल आणि वरून ट्रम्पेटची छोटी छोटी, मोकळी वाक्यं. असं काही आठवत असेल तर ती हीच धून. नाव 'ग्रेझिंग इन द ग्रास', म्हणजे गवतात चरणं. दक्षिण आफ्रिकेचे ट्रम्पेटवादक ह्यू मासेकेला यांनी ती अमेरिकेत, लॉस एंजेलिसमध्ये ध्वनिमुद्रित केली आणि १९६८ साली ती बाजारात आली. लांबी जेमतेम अडीच मिनिटांची. शब्द एकही नाही. शब्दांसह ऐकली असेल तर प्रश्न १० पाहा.

२. मग ही चाल मासेकेलांचीच ना?

नाही. चाल फिलेमन हू यांची आहे. मला या पानावर एकच उत्तर द्यायची मुभा असती, तर मी हेच दिलं असतं.

हू हेही दक्षिण आफ्रिकेचेच, अभिनेते आणि गायक. रेकॉर्डवर रचनाकार म्हणून त्यांचंच नाव आहे. पण रेकॉर्डवरची बारीक अक्षरं कोण वाचतं? वाद्य वाजवणाऱ्याचा चेहरा मुखपृष्ठावर असतो, त्यामुळे धून त्याच्या नावावर चढते. मी ही धून वाजवण्याआधी दोन्ही नावं मोठ्याने सांगतो, आधी हू आणि मग मासेकेला. माझ्याकडे शिकणाऱ्यांनाही तीच सवय लावली आहे.

३. ती ऐनवेळी, जागा भरायला म्हणून केली होती, असं म्हणतात. खरं का?

बऱ्याच अंशी खरं आहे. मासेकेला तेव्हा 'युनी' या कंपनीसाठी 'द प्रॉमिस ऑफ अ फ्यूचर' हा अल्बम करत होते. काम संपत आलं, तेव्हा अल्बमची लांबी कमी पडते आहे असं लक्षात आलं. कंपनीचे प्रमुख रस रेगन यांनी आणखी एक तुकडा मागितला. वादकांनी खालचा ठेका धरला, पार्श्वसंगीत मुद्रित व्हायला लागलं. हू तेव्हा स्टुडिओतच होते. तो ठेका ऐकता ऐकता त्यांना वरची चाल सुचली.

धून लक्ष देऊन ऐकली तर हा क्रम तिच्यातच सापडतो. तालाची वीण आधीपासून बसलेली आहे आणि चाल नंतर येऊन तिच्यावर टेकते. तिला कसलीच घाई नाही. एक वाक्य येतं, थांबतं, खालचा ठेका आपल्याला ऐकू देतं, मग पुढचं वाक्य येतं. आधी चाल बांधून मग ताल लावला असता, तर इतक्या मोकळ्या जागा राहिल्या असत्या असं मला वाटत नाही. शिकणारी मुलं नेमकी याच जागा खातात. बोटं बसली की त्यांना थांबवत नाही. त्यांना मी सांगतो, ट्रम्पेट खाली ठेवा, आधी नुसता ठेका मांडीवर धरा आणि चाल गुणगुणा. श्वास कुठे घ्यायचा ते आपोआप कळतं.

४. ती घंटा कसली वाजते?

काउबेल. लोखंडी, बिनलोलकाची घंटा, काठीने ठोकतात. लॅटिन अमेरिकेच्या तालवाद्यांत ती असतेच. इथे ती धुनेचा कणा आहे, सुरू होते ती शेवटपर्यंत थांबत नाही. झांबियात ऐकलेल्या, नावात बैल असलेल्या एका गमतीच्या रेकॉर्डवरून हा घंटेचा ठेका मासेकेलांच्या मनात बसला होता, असं सांगितलं जातं. चरण्याचं नाव आणि गुराच्या गळ्यातली घंटा यांची जोडी त्यामुळे अगदी पक्की बसते.

आपल्याकडे गुरं घरी परतताना जो किणकिणाट ऐकू येतो, त्यापेक्षा हा आवाज कोरडा आहे, लगेच मरतो. तो तसाच हवा. प्रश्न १३ पाहा.

५. आणखी कोण कोण वाजवतंय?

सॅक्सोफोनवर अल अब्रू, पियानोवर विल्यम हेंडरसन, गिटारवर ब्रूस लँगहॉर्न, बासवर हेन्री फ्रँकलिन आणि ड्रमवर चक कार्टर. निर्माते स्ट्युअर्ट लेव्हिन. हे लेव्हिन न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन स्कूल ऑफ म्युझिकमधले मासेकेलांचे सोबती, पुढे दोघांनी मिळून 'चिसा' नावाची स्वतःची कंपनीही काढली.

एकदा फक्त बासकडे कान लावून ही धून ऐकाच.

६. मासेकेलांच्या हाती ट्रम्पेट आलं कसं?

त्यांचा जन्म ४ एप्रिल १९३९ चा, विटबँक या कोळशाच्या खाणींच्या गावाजवळच्या वस्तीतला. हे गाव आता इमालाहलेनी म्हणून ओळखलं जातं. लहानपणी आजीकडे वाढले. आजी खाणकामगारांसाठी चोरून दारूचा गुत्ता चालवायची, कारण काळ्या लोकांना तेव्हा उघडपणे दारू विकायला आणि प्यायला बंदी होती. दूरदूरच्या देशांतून आलेले कामगार तिथे बसून गावाकडच्या गोष्टी सांगायचे, गाणी म्हणायचे. मासेकेलांच्या कानांवर पहिले संस्कार झाले ते या घरात.

पुढे जोहान्सबर्गच्या सेंट पीटर्स शाळेत हा मुलगा सतत काही ना काही खोड्या करून अडचणीत यायचा. तिथले पाद्री ट्रेव्हर हडलस्टन यांनी त्याला विचारलं, तुला आयुष्यात नेमकं करायचंय तरी काय? एका ट्रम्पेटवादकाच्या आयुष्यावरचा चित्रपट त्याने नुकताच पाहिला होता. तो म्हणाला, मला ट्रम्पेट द्या, मी कुणाला त्रास देणार नाही. हडलस्टन यांनी वाद्य आणलं आणि शिकवायला नगरपालिकेच्या ब्रास बँडमधले एक वादकही शोधून दिले. तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. बघता बघता बाकीच्या मुलांनाही वाद्यं हवीशी झाली आणि शाळेत 'हडलस्टन जॅझ बँड' उभा राहिला.

या पाद्र्यांनी पुढे वर्णद्वेषाविरुद्ध आयुष्यभर लढा दिला. पण एका वांड पोराला ओरडण्याऐवजी त्यांनी प्रश्न विचारला आणि उत्तर मनावर घेतलं, याचं मला शिकवणारा माणूस म्हणून फार अप्रूप वाटतं.

७. लुई आर्मस्ट्राँगने त्यांना स्वतःचं ट्रम्पेट पाठवलं होतं, ही दंतकथा आहे का?

दंतकथा नाही. दक्षिण आफ्रिका सोडावी लागल्यावर हडलस्टन अमेरिकेत थोर जॅझ ट्रम्पेटवादक आर्मस्ट्राँगना भेटले आणि त्यांनी या मुलांच्या बँडबद्दल सांगितलं. १९५६ साली आर्मस्ट्राँगचं ट्रम्पेट जोहान्सबर्गला पोचलं. ते हातात धरून आनंदाने हवेत उडी मारलेल्या मासेकेलांचं छायाचित्र आल्फ कुमालो यांनी टिपलं आहे, ते मिळवून जरूर पाहा. दोन्ही पाय जमिनीपासून वर, तोंडभर हसू आणि एका हातात ते वाद्य.

८. ते अमेरिकेत का गेले? शिकायला की पळून?

दोन्ही. २१ मार्च १९६० ला दक्षिण आफ्रिकेतल्या शार्पव्हिल इथे पासच्या (काळ्या लोकांना सतत जवळ बाळगायला लावलेल्या ओळखपत्राच्या) कायद्याविरुद्ध निदर्शनं करणाऱ्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला, ६९ माणसं मारली गेली. त्यानंतर देशात आणीबाणी आली, जमावाला एकत्र यायला बंदी झाली, म्हणजे मैफलीही बंद. आदल्याच वर्षी, १९५९ मध्ये, मासेकेला 'जॅझ एपिसल्स' या चमूत वाजवत होते. पियानोवर डॉलर ब्रँड, म्हणजे पुढे अब्दुल्ला इब्राहिम म्हणून जगभर गाजलेले वादक, सॅक्सोफोनवर किपी मुकेत्सी आणि ट्रॉम्बोनवर जोनास ग्वांगवा. असा चमू शार्पव्हिलनंतर त्या देशात टिकणं शक्य नव्हतं.

१९६० मध्येच ते आधी लंडनला गेले आणि मग न्यूयॉर्कला. गायिका मिरियम मकेबा आणि गायक हॅरी बेलाफॉन्टे यांनी आधार दिला, मॅनहॅटन स्कूल ऑफ म्युझिकमध्ये शिक्षण झालं. मकेबांशी १९६४ मध्ये लग्न झालं, दोन वर्षांत मोडलंही. मायदेशी राहायला परतले ते १९९० मध्ये, मंडेला सुटल्यावर. तीस वर्षं! 'गवतात चरणं' वाजवणारा माणूस आपल्या कुरणापासून तोडलेला होता, हे ठाऊक झाल्यापासून मला ही धून वेगळी ऐकू येते.

९. ती खरंच अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होती? किती दिवस?

हो. लोकप्रिय गाण्यांच्या 'बिलबोर्ड हॉट १००' या मुख्य यादीत जुलै १९६८ मध्ये दोन आठवडे, आणि 'रिदम अँड ब्लूज'च्या यादीतही पहिली. पुढे ग्रॅमीसाठी तिला वाद्यसंगीताच्या पॉप विभागात नामांकन मिळालं. २०१८ मध्ये ग्रॅमीच्या 'हॉल ऑफ फेम'मध्येही तिचा समावेश झाला. त्याच वर्षी २३ जानेवारीला मासेकेला गेले.

यात एक योगायोग मला फार आवडतो. तिच्या आधी चार आठवडे पहिल्या क्रमांकावर हर्ब अल्पर्ट होते, तेव्हाचे अमेरिकेतले सगळ्यात लोकप्रिय ट्रम्पेटवादक. पण ते तिथे पोचले होते गाणं गाऊन. म्हणजे एक ट्रम्पेटवादक गळ्याने गाऊन पहिला आला आणि त्याला खाली उतरवलं ते दुसऱ्याच्या ट्रम्पेटने. पुढे १९७८ मध्ये या दोघांनी एकत्र अल्बम केले.

मासेकेला काही रातोरात उगवले नव्हते. आदल्या वर्षी ते कॅलिफोर्नियातल्या मॉन्टरेच्या गाजलेल्या पॉप संगीत महोत्सवात वाजवून आले होते आणि 'द बर्ड्स' या रॉक बँडच्या एका गाण्यातही त्यांचं ट्रम्पेट वाजलं होतं.

१०. मी हीच चाल शब्दांसह ऐकली आहे. मूळ कोणतं?

मूळ शब्दांविना, १९६८ चं. शब्द नंतर आले. लॉस एंजेलिसच्या 'द फ्रेंड्स ऑफ डिस्टिंक्शन' या गायकांच्या चमूतले हॅरी एल्स्टन यांनी ते लिहिले. ती रेकॉर्ड १९६९ मध्ये आली आणि तीही यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढली. गाण्यातला भरभर म्हणायचा तुकडा लोकांच्या तोंडी इतका बसला की पुष्कळांना तेच मूळ वाटतं. गाणं छान आहे. मात्र प्रश्न ३ मध्ये ज्या मोकळ्या जागांबद्दल लिहिलं आहे, त्या शब्दांनी भरून गेल्या आहेत. मला त्या रिकाम्याच आवडतात.

१९६८ मध्येच स्टीव्ही वंडर यांनीही ती वाजवली, आपल्या वाद्यसंगीताच्या अल्बममध्ये.

११. 'ग्रास' म्हणजे गांजा ना?

त्या काळच्या अमेरिकेत गांजाला सर्रास 'ग्रास' म्हणत, त्यामुळे १९६८ मधल्या तरुण श्रोत्याच्या मनात तो अर्थ येणारच. व्यसनांबद्दल मासेकेला स्वतः पुढे अत्यंत प्रामाणिकपणे बोलले. २००४ च्या त्यांच्या आत्मचरित्राच्या नावात 'अजून चरतोच आहे' असा या धुनेचाच धागा आहे आणि दारू, अमली पदार्थ यांत गेलेली वर्षं त्यात त्यांनी लपवलेली नाहीत. १९९७ मध्ये उपचार घेऊन ते त्यातून बाहेर आले.

पण धून ऐकताना मला गुरंच दिसतात. घंटा तर आहेच (प्रश्न ४).

१२. हे ट्रम्पेट आहे की फ्लुगेलहॉर्न?

१९६८ च्या रेकॉर्डवर ट्रम्पेट. उत्तरायुष्यात मासेकेला मुख्यतः फ्लुगेलहॉर्न वाजवायचे, आणि ही धूनही त्यावरच, म्हणून घोटाळा होतो. दोन्ही दिसायला जवळची, तीन चाव्यांची. फ्लुगेलहॉर्नची नळी कर्ण्याकडे हळूहळू रुंदावत जाते, त्यामुळे आवाज गोल, मऊ येतो. ट्रम्पेटची नळी बरंच अंतर सारख्या जाडीची राहते, म्हणून सुराला धार येते. जुन्या मुद्रणात वरचे सूर किंचित फाटतात, कडेला चरचरतात, ते ऐका. ती धार ट्रम्पेटची.

१३. आमच्या ब्रास बँडला ही वाजवता येईल का?

अगदी येईल. आपल्या बँडमधलं ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट सहसा बी फ्लॅट या पट्टीचीच असतात, म्हणजे एकच नोटेशन दोघांना चालतं. ऑल्टो सॅक्सोफोन ई फ्लॅटचा, त्याला वेगळं उतरवून द्यावं लागेल. चाल अवघड नाही, स्वरांचा पल्लाही फार नाही.

अडतं ते ठेक्यापाशी. वरातीच्या बँडमध्ये ढोल आणि झांज सगळं भरून काढतात, आणि झांजेचा आवाज रेंगाळतो. इथे घंटेचा कोरडा ठोका हवा, मध्ये शांतता हवी. काउबेल वाद्यांच्या दुकानात मिळते. वाजवताना डाव्या हाताची बोटं तिच्या अंगावर टेकवून आवाज दाबायचा. झांजवाल्याला या धुनेपुरती विश्रांती द्या. आणि लय वाढवू नका. नाचणारे ओरडतील 'जोरात', तरी वाढवू नका.

१४. वाजवायला परवानगी लागते का?

इथे दोन हक्क वेगळे धरायचे: रचनेचा एक आणि ध्वनिमुद्रणाचा दुसरा. भारतीय कायद्यात ध्वनिमुद्रणाला प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं संरक्षण आहे, म्हणजे १९६८ च्या मुद्रणाला २०२८ च्या अखेरपर्यंत. रचनेला रचनाकाराच्या हयातीनंतरही ६० वर्षं. तेव्हा रचना अजून मुक्त झाली असं समजून चालू नका.

लग्नाला मात्र सूट आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये धार्मिक विधींसाठीचं वादन हक्कभंगातून वगळलं आहे आणि त्यात लग्नाची वरात व लग्नाशी निगडित समारंभ स्पष्टपणे धरले आहेत. त्यामुळे वरातीत वाजवायला अडचण नाही. तिकीट लावून कार्यक्रम करायचा असेल किंवा ध्वनिमुद्रण विकायचं असेल, तर परवाना घ्या. आणि व्हिडिओ टाकाल तेव्हा खाली 'रचना: फिलेमन हू' लिहा. कायदा काहीही म्हणो, हे लिहाच.

१५. हे निषेधाचं गाणं आहे का?

शब्दच नाहीत, तेव्हा घोषणा नाही. त्यांची उघड राजकीय गाणी वेगळी आहेत. १९८५ मध्ये बोट्स्वानात असताना त्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छांचं पत्र आलं, तुरुंगातून चोरून बाहेर पाठवलेलं, नेल्सन मंडेलांचं. त्यातून 'ब्रिंग हिम बॅक होम' हे गाणं झालं, १९८७ मध्ये प्रसिद्ध झालं आणि मंडेलांच्या सुटकेच्या चळवळीचं गाणं बनलं.

तरीही १९६८ मध्ये, मायदेशी त्यांना पास दाखवल्याशिवाय रस्त्यावर फिरता आलं नसतं त्या काळात, जोहान्सबर्गच्या वस्त्यांतला हा निवांत डौल अमेरिकेत सगळ्यांच्या वर वाजत होता. मला त्यात पुष्कळ काही ऐकू येतं.

१६. दक्षिण आफ्रिकेची अमेरिकेत पहिली आलेली ही पहिलीच चाल का?

वादक आफ्रिकेचा, रचनाकार आफ्रिकेचा आणि तरीही पहिला क्रमांक, या अर्थाने तिचं स्थान वेगळं आहे. पण चालीपुरतं बोलायचं तर तिच्याआधी एक आहे. सॉलोमन लिंडा यांनी १९३९ मध्ये जोहान्सबर्गला 'म्बुबे' म्हणजे 'सिंह' हे गाणं मुद्रित केलं. त्यावर आधारलेलं इंग्रजी गाणं अमेरिकन चमूने १९६१ मध्ये गायलं आणि ते पहिलं आलं. लिंडांना हक्कांपोटी मिळाले होते दहा शिलिंग. ते गरिबीतच गेले, मुलींना काही न्याय मिळाला तो २००६ च्या तडजोडीत. हूंचं नाव घ्यायचा आग्रह मी का धरतो, ते यावरून कळावं.

१७. गोव्याचा किंवा मुंबईचा या धुनेशी काही संबंध?

थेट संबंध नाही. पण ज्या आर्मस्ट्राँगचं ट्रम्पेट जोहान्सबर्गला गेलं, त्यांच्याच वादनाने आपल्याकडे गोव्याचे ट्रम्पेटवादक आंतोनियो शाव्हियर वाझ यांना झपाटलं होतं. त्यांना सगळे 'चिक चॉकलेट' म्हणत, 'भारताचा आर्मस्ट्राँग' हीही त्यांची ओळख. सी. रामचंद्र, म्हणजे आपले चितळकर, यांच्याबरोबर त्यांनी काम केलं आणि १९५१ च्या 'अलबेला'त ते वादकांसह पडद्यावरही दिसतात. सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड अशा गोव्याच्या मंडळींनी हिंदी चित्रपटगीतांचे वाद्यमेळ लिहिले, पण रेकॉर्डच्या चकतीवर त्यांची नावं क्वचितच आली. तुमच्या घरात जुन्या तबकड्या असतील तर उलटून बघा.

१८. ही आवडली. मासेकेलांचं पुढे काय ऐकू?

'स्टिमेला' ऐका, आगगाडीचं गाणं. १९७४ च्या अल्बममध्ये ते आलं. मलावी, मोझांबिक, झांबिया, लेसोथो अशा ठिकठिकाणांहून मजूर भरून जोहान्सबर्गच्या खाणींकडे नेणाऱ्या कोळशाच्या गाडीची कहाणी त्यात आहे, आजीच्या घरात बसून बोलणाऱ्या त्या माणसांची (प्रश्न ६). त्यात मासेकेला तोंडाने इंजिनाची शिट्टी आणि वाफेचे फुत्कार काढतात. काउबेल इथेही आहे. पण इथे ती गाडीच्या चाकांसारखी वाजते.